त्यांचा दुतोंड्या मारुती कोण?

तिसरीला ज्वालामुखी शिकवायचा म्हटल्यावर मीही तेच केलं, जे सगळे करतात. मातीचा डोंगर, आत खाण्याचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. फेस उसळला, वर्ग खूश! पण आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारी एक मुलगी रडायलाच लागली. "बाई, आमचा डोंगर कधी फुटणार?"

चूक माझी होती. आपल्याकडचा लाव्हा बहुतेक असा टोकदार डोंगरातून उडाला नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून तो वर आला आणि थरावर थर पसरला. दुसऱ्या दिवशी खोक्याच्या झाकणाला चीर पाडली आणि खालून पिशवीतलं पिठलं दाबलं. एक थर सुकला की दुसरा. (घरी दोन दिवस पिठल्याचं नाव काढायची सोय नव्हती.) सुकलेल्या थरात बुडबुड्यांची भोकं राहिली. शनिवारी लेण्यांकडे नेलं आणि वाटेवरच्या दगडांत तशी भोकं शोधायला लावली. रडणारी मुलगी सगळ्यांच्या पुढे! कातळाला गाल लावून म्हणाली, "हा तर गार झालाय."

खरी पंचाईत पुढे झाली. जपानमधल्या साकुराजिमा ज्वालामुखीजवळची मुलं हेल्मेट घालून शाळेत जातात, राख पडली की लोक ती झाडून पिशव्यांत भरतात, हे सांगितलं. लगेच प्रश्न, "मग ते दुसरीकडे का जात नाहीत?"

मी सुपीक मातीवर घसरले. आपली काळी जमीनही याच दगडाची, वगैरे. कुणाला काही पडलेलं नव्हतं. तेवढ्यात सराफ बाजाराजवळ दुकान असलेल्यांचा मुलगा म्हणाला, "आपण तरी कुठं जातो? पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की पप्पा माल माळ्यावर टाकतात." (दुतोंड्या म्हणजे गोदावरीच्या पात्रातली दोन तोंडांची मारुतीची मूर्ती. पूर किती चढला, ते नाशिककर तिच्यावरून ओळखतात.)

मग काय, अर्धा तास वर्ग माझ्या हातात नव्हता. प्रत्येकाकडे पुराची एक गोष्ट. शेवटी कुणीतरी विचारलं, "बाई, त्यांचा दुतोंड्या कोण?"

इतका नेमका प्रश्न मला सुचला नसता. जमिनीचे बारीक हादरे मोजणारी यंत्रं, डोंगर किती फुगला ते बघणारी उपकरणं, बाहेर पडणाऱ्या वायूंवरची नजर, हे सगळं मग दहा मिनिटांत समजलं.

चित्रकलेच्या तासाला एकाने साकुराजिमा काढला. पायथ्याशी मारुती होता, दोन्ही तोंडांना वेगवेगळं हेल्मेट.