क्लबमॉस आणि कमळपक्षी : तुलनावहीची प्रगती

दोन वेगळ्या सजीवांची रेखाटनांसह तुलना नोंदवण्याच्या माझ्या तुलनावहीत या वेळी घेतलेली जोडी म्हणजे जंगलाच्या जमिनीवर सरपटत वाढणारा लायकोपोडियम क्लॅव्हॅटम हा क्लबमॉस (बियांऐवजी बीजाणूंनी, म्हणजे धुळीसारख्या सूक्ष्म जननकणांनी पसरणारी वनस्पती) आणि उष्ण कटिबंधातील पाणथळींत वावरणारा आफ्रिकी कमळपक्षी. दोघांत नाते शोधण्याचा हेतू नाही. पुढे सरकण्याची रीत आणि पिढी वाढवण्याची रीत एवढ्या दोनच कसोट्या ठरवल्या आहेत.

पहिल्या कसोटीची रेखाटने पूर्ण झाली. कमळपक्ष्याच्या बोटांना बदकासारखा पडदा नसतो. त्याची कमालीची लांब बोटे व नखे शरीराचा भार मोठ्या क्षेत्रावर विभागतात आणि म्हणूनच तो तरंगत्या पानांवरून चालू शकतो. पाय योग्य प्रमाणात काढले तरी ते अतिशयोक्त वाटतात, तेव्हा डोळ्यापेक्षा मोजपट्टीवर विश्वास ठेवावा. क्लबमॉसचे आडवे खोड टोकाशी वाढत, दुभंगत आणि मुळे धरत जाते, तर मागचा जुना भाग कालांतराने मरतो. त्यामुळे वनस्पतीही हळूहळू जागा बदलते. तिच्या पानात एकच, फाटे न फुटणारी शीर असल्याने रेखाटन सोपे होते, मात्र पानाच्या टोकाचा केसासारखा तंतू गाळू नये.

खरा रस दुसऱ्या कसोटीत आहे. कमळपक्ष्यांच्या आठ जातींपैकी बहुतेकींत मादी अनेक नरांशी जोडी जमवते, अंडी घालते आणि उबवणे व पिल्ले राखणे नरावर सोपवते. आफ्रिकी जातीचा नर धोका दिसताच पिल्लांना पंखाखाली घेऊन चालू लागतो, त्या वेळी बाहेर लोंबणारे त्यांचे पाय चित्रात फार गमतीदार दिसतात. क्लबमॉससाठी संगोपनाचा रकाना कोरा सोडावा, असे अनेकांना वाटेल. परंतु वाऱ्यावर विखुरलेल्या बीजाणूपासून तयार होणारा युग्मकधारी (जननपेशी बनवणारी वनस्पतीची छोटी अवस्था) कित्येक वर्षे जमिनीखाली, हरितद्रव्याविना राहतो आणि त्याचे पोषण एक सहजीवी (सोबत राहणारी) कवक, म्हणजे बुरशी, करते. कमळपक्ष्याची पिल्ले मात्र अंड्यातून बाहेर येताच स्वतःचे अन्न स्वतः टिपतात. बाप त्यांना राखतो, भरवत नाही. एकाला परक्याकडून अन्न, दुसऱ्याला बापाकडून केवळ रक्षण, असा हा फरक मला संपूर्ण तक्त्यातील सर्वांत मोलाचा वाटतो.

बीजाणूंचे सूक्ष्मदर्शकाखालील रेखाटन अजून बाकी आहे. त्यांची भुकटी पाण्याने भिजत नाही, थेंबावर तरंगत राहते. म्हणून काचपट्टीवर आधी अल्कोहोलचा थेंब द्यावा लागतो. हवेत उधळलेली ही भुकटी ज्योतीजवळ भडकते, तेव्हा जवळ दिवा नसावा. यानंतर बीजाणूवरील जाळीदार नक्षी आणि कमळपक्ष्याच्या अंड्यावरील काळ्या वेड्यावाकड्या रेषा शेजारी-शेजारी, पण प्रत्येकीचे वेगळे प्रमाण स्पष्ट नोंदवून, काढायच्या आहेत.