कुशिऱ्याच्या वरच्या रानात

माघी पौर्णिमा झाली की पुढचे रविवार कोल्हापूरकराला वेगळे सांगायला लागत नाहीत. शनिवारी लवकर जेवायचं, रात्री दोन-अडीचला उठायचं, गंगावेस, शिवाजी पूल, वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख आणि वर जोतिबाच्या डोंगरावर. अनवाणी. यालाच खेटे म्हणायचं. यंदाचे सगळे खेटे माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत, कुठल्या रविवारी निगव्याच्या पुढं फुकटचा चहा मिळाला, कुठल्या रविवारी एका पोरानं माझ्या पायावर सायकल घातली, काही सांगता यायचं नाही. एक पहाट तेवढी वेगळी राहिलीय, तिच्याबद्दलच लिहितोय.

गर्दीचा मला त्रास होतो हे आधी सांगून टाकतो. देवावर राग नाही, स्पीकरवर आहे. पाठीवर स्पीकर अडकवून चालणारी पोरं, दर वीस पावलाला थांबून रील, डोळ्यात फ्लॅश, आणि रस्त्याच्या कडेला ताकाच्या प्लॅस्टिक ग्लासांचा खच. मधेच कुणीतरी 'जोतिबाच्या नावानं' म्हणतं आणि हजार गळ्यातनं 'चांगभलं' येतं तेव्हा अंगावर काटा येतोच, खोटं कशाला बोला, पण लगेच परत तो स्पीकर. म्हणून त्या रविवारी कुशिरे सोडल्यावर मी आडवाट धरली. लहानपणी मामानं दाखवलेली. नेमकी कुठनं फुटते ते लिहीत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तिथं पण स्पीकर येईल.

अमावस्या जवळ आलेली, चंद्राची कोर उगवायला अजून वेळ होता. आधी उसाचं शेत, मग वनखात्यानं लावलेली झाडं, मग करवंदीच्या जाळ्या आणि चढ. पहिली दहा मिनिटं काय सुख वाटलं म्हणून सांगू. खालचा आवाज कमी कमी होत गेला आणि एका वळणानंतर बंदच झाला.

आणि तिथनंच सुरू झालं.

मी ज्युनिअर कॉलेजला सायकॉलॉजी शिकवतो. भीतीचा धडा दरवर्षी शिकवतो, फळ्यावर मेंदूचं चित्र काढून बदामाएवढी अमिग्डाला दाखवतो, पोरं वहीत बदाम काढतात. त्यामुळं पुढचं जे सांगतोय ते जरा जास्तच लाजिरवाणं आहे.

पहिल्यांदा वाटलं मागं कुणीतरी आहे. माझं पाऊल वाळल्या पाल्यावर पडायचं आणि अर्ध्या क्षणानं मागनं अजून एक आवाज यायचा. थांबलो की थांबायचा. आता मला माहिती होतं की पाठीवरच्या सॅकचं बक्कल आपटतंय. एवढंच नाही, मला २०१४ सालचा स्वित्झर्लंडमधला तो प्रयोग पण माहिती होता, मेंदूचा अभ्यास करणारे ओलाफ ब्लँके आणि त्यांच्या लोकांचा. माणसाच्या डोळ्यावर पट्टी, हातात समोर एक दांडा, तो जसा हलवेल तसाच रोबोट त्याच्या पाठीला स्पर्श करणार. स्पर्श लगेच झाला तर काही वाटत नाही, पण जेमतेम अर्धा सेकंद उशिरा झाला की धडधाकट माणसांना मागं कुणीतरी उभं असल्याचं जाणवायला लागलं. काहींनी तर बंद करा म्हणून सांगितलं. म्हणजे मागचा तो दुसरा कोण, तर आपणच, थोडे उशिरा पोचलेले. हे सगळं मी चालता चालता मनात नीट मुद्देसूद म्हणून घेतलं. बक्कल मुठीत पण धरलं. आवाज बंद झाला. मागचा माणूस गेला नाही.

मग मोबाईलची टॉर्च लावली आणि ते अजूनच वाईट झालं, कारण टॉर्चचा तेवढा गोल दिसतो आणि बाकीचं रान डांबर ओतल्यागत काळं होऊन जातं. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि ती घालवायला एक सेकंद पुरतो. बंद केली. आता उजवीकडं जाळीपाशी माणूस उभा. डोक्यावर काहीतरी घेतलेला. सरळ बघितलं की नाही, नजर जरा बाजूला नेली की आहे. याचं पण उत्तर पाठ आहे, अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यबिंदूत नसतातच, त्या कडेला असतात, म्हणून फिकट वस्तू तिरक्या नजरेला दिसते आणि रोखून बघितली की पुसली जाते. तुटलेल्या झाडाचं खोड असणार ते. पण 'बघितलं की नाहीसा होतो, वळलं की उभा असतो' हे वाक्य पेशींचा उल्लेख न करता म्हणून बघा. गावाकडच्या निम्म्या भुतांचं वर्णन तेच आहे.

मला राग कशाचा आला सांगू? भीतीची निवडच चुकीची होती. अनवाणी पाय, अंधार, वाळला पाला, म्हणजे भ्यायचं तर घोणसाला भ्यायचं. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात साप चावून अंदाजे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. भ्यायचं तर गव्याला, पन्हाळ्याकडच्या रानात ते आहेतच. पण या दोघांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. मी भीत होतो ते डोक्यावर काहीतरी घेतलेल्या एका उभ्या माणसाला, जो मला काही करत नव्हता.

न्यूयॉर्कचे मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू भीती समजावताना रानात चालणाऱ्या माणसाचंच उदाहरण देतात. वाटेत वाकडी काटकी पडलेली, डोळ्यातनं आलेली अर्धीमुर्धी बातमी आडमार्गानं आधी अमिग्डालाला पोचते, माणूस मागं उडी मारतो, आणि मग सावकाश राजमार्गानं खबर येते की अरे काटकी आहे. काटकीला साप समजलं तर एक उडी वाया जाते, सापाला काटकी समजलं तर जीव, म्हणून शरीर पहिला सौदा करतं. आपल्याकडं दोरीवरच्या सापाचा दृष्टांत कीर्तनात हजार वेळा ऐकलाय, दिवा आणला की साप नाहीसा, ज्ञान झालं की भय गेलं. कीर्तनकारांना माझा नमस्कार आहे, पण त्या रानात माझ्याकडं दिवा होता, ज्ञान होतं, खोड आहे हे पक्कं ठाऊक होतं आणि तरी घसा कोरडा, काखेत घाम, पोटात खड्डा. साप गेलेला, भय तिथंच.

त्यात टाचेखाली खस्सकन काटा गेला. बाभळीचा असणार. आदल्या रविवारच्या फोडावरच. मी एका पायावर उभा, झाडाला धरायचं तर झाडाला हात लावायची हिंमत नाही, आणि तेव्हा सुचलं की 'चांगभलं' म्हणावं मोठ्यांदा. तोंडातनं आवाज निघेना. वर्गात साठ पोरांना गप्प करणारा मी. लाज वाटली म्हणून नाही. भीती वाटली की कुणी ओ दिली तर?

"कोण हाय रं त्यो?"

ओ न मागताच आली. खालच्या बाजूनं. माझं काय झालं ते लिहीत नाही.

नऊवारी, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गठुडं, हातात काठी. टॉर्च नाही. म्हातारी सत्तरीच्या पुढची असेल. मी म्हणलं, आज्जी, खेट्याला चाललोय, काटा मोडलाय. "एकलाच हाईस व्हय?" म्हणाली. मग जरा थांबून, "बरं झालं बाबा. मला लई भ्या वाटतंय बघ अंधाराचं. चल माझ्यासंगं. आन् ही पिशवी धर, खांदा गेलाय माझा."

पिशवी कसली जड. नारळ असतील, भाकऱ्या असतील, काय दगड भरलेले कुणास ठाऊक. तिनं मला धोंड्यावर बसवलं, बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि अंधारात नुसत्या बोटानं चाचपून काटा काढला. मी पिनेबद्दल काहीतरी बोललो, इन्फेक्शन वगैरे, तिनं लक्ष दिलं नाही. वाटेच्या कडेला हात फिरवून दगडीपाला तोडला, चुरगाळून टाचेवर दाबला आणि पदराची चिंधी फाडून बांधली. चांगल्या लुगड्याची. "देवाला चाललाय न्हवं, मग कशाला रडतोयस." मी रडत नव्हतो. निदान मला तरी तसं वाटत नव्हतं.

मग ती बोलत राहिली. सुनेबद्दल, म्हशीला रेडाच झाला त्याबद्दल, दुधाच्या दरातनं पेंडीचे पैसे पण निघत नाहीत त्याबद्दल, नातवाच्या लग्नाला पोरगी मिळेना त्याबद्दल. मी हूं हूं करत होतो. पिशवीचा बंद तळहातात रुतत होता, हात बदलत होतो, आणि केव्हातरी लक्षात आलं की मागचा माणूस कधीच गळालाय. कुठल्या वळणावर गेला ते पण कळलं नाही. मी त्याला काही समजावलं नव्हतं. मला फक्त काम लागलं होतं आणि कानावर आवाज पडत होता. मधेच ती थांबली, ओरडली, "जोतिबाच्या नावानं", आणि माझ्या तोंडातनं चांगभलं असं काही निघालं की वरच्या झाडातनं पाखरं उडाली.

गायमुखाच्या वर गर्दीला लागलो. उजेड, चहा, स्पीकर. तिनं पिशवी घेतली. मी विचारलं, आज्जी, अंधाराचं भ्या वाटतं तर दर खेट्याला एकट्या कशा येता? "अंधाराला कशाला भ्यायचं? म्हातारा गेल्यापास्नं रातच्याला मळ्यात पाणी पाजाय मीच जातो. लाईट रातचीच असती की." आणि गेली. वळून पण बघितलं नाही.

दर्शन चांगलं झालं. गुलाल कानात गेला तो अजून निघतोय.

घरी बायकोला सगळं सांगितलं, जरा रंगवून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझी भीती चैनीची आहे. मी त्या वाटेला एकटी असते तर मला भुताबिताची आठवण पण झाली नसती, मागनं खरोखरचा माणूस येतोय का तेवढंच बघितलं असतं. यावर माझ्याकडं काही उत्तर नव्हतं, अजून पण नाही. ती मागचं पाऊल ऐकून घाबरली तर त्याला अतार्किक कोण म्हणेल? धड्यात हा मुद्दा कुठं बसवायचा ते मला कळलेलं नाही.

पुढच्या रविवारी मुद्दाम तीच वाट धरली. शिकवतो ते करून बघावं म्हणलं, ज्याची भीती वाटते त्याच्यापुढं परत परत उभं राहायचं. त्याच जाळीपाशी तेच झालं, जरा कमी. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचंच बघा, घंटा झाली की खायला मिळतं म्हणून नुसत्या घंटेला लाळ गाळणारी ती, घंटेची सवय मोडली म्हणून सोडून दिलं आणि काही काळानं घंटा वाजवली की लाळ परत. जुनं शिकलेलं पुसत नाही, त्याच्यावर नवीन बसतं, आणि नवीन असतं ते भलतं नाजूक, जागा बदलली, दिवस गेले, की खालचं डोकं काढतं. खोड दिवसा येताना बघितलं. खोड नव्हतंच, वारूळ होतं. आज्जी काही भेटली नाही.

शेवटच्या खेट्याला आमच्या कॉलेजचा गणिताचा मास्तर बरोबर आला. भीती वगैरे सगळं तुमच्या विषयाचं थोतांड, असं त्याचं म्हणणं. त्याला नेलं त्या वाटेनं. पूर्ण चढभर तो पेन्शनबद्दल बोलला, जुनी पेन्शन, नवी पेन्शन, त्यात सरकारनं काय केलं, आणि मी पण भांडत होतो, वारूळ कधी मागं पडलं दोघांनाही कळलं नाही. वर पोचल्यावर मलाच विचारतो, एवढं काय आहे तिथं? काय सांगणार. दोघं गेलं की तिथं काही नसतंच.

उतरताना ऊन लागलं, कुशिऱ्यापर्यंत डांबर तापलं आणि मास्तरच्या दोन्ही टाचांना फोड आले. अनवाणी चालायची कल्पना कुणाची इथपासून सुरुवात करून त्यानं मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि वडणग्याजवळ शेवटी वडाप थांबवली, तर वडापवाल्यानं खेट्याचा रविवार बघून दुप्पट पैसे लावले.