ला मार्मोत : शेवटच्या १४ किलोमीटरची तयारी

बूर द्वाझाँ गावात मी परत शिरले तेव्हा मीटरवर १६० किलोमीटर झाले होते आणि समोर आल्प द्युएझचा घाट उभा होता. पायथ्याशी भिंतीला सायकली टेकवून माणसं सावली धरून बसली होती. एक तरुण दोन्ही हातांनी मांडी दाबत होता, कातडीखाली आलेला गोळा मला रस्त्यावरूनही दिसत होता. सकाळी पहिल्याच घाटात तो मला सहज मागे टाकून गेला होता, त्याचा पिवळा जर्सी माझ्या लक्षात राहिला होता. या राइडची तयारी करायची तर या जागेपासून सुरुवातीकडे, उलट्या क्रमाने करायची, हे मला तिथे फार स्पष्ट कळलं.

ला मार्मोत ही फ्रेंच आल्प्समधली हौशी सायकलस्वारांची राइड १९८२ पासून होते. अंतर साधारण १७५ किलोमीटर, एकूण चढ ५००० मीटरच्या वर. वाटेत चार घाट (कंसात माथ्याची उंची) : ग्लांदों (१९२४ मीटर), तेलेग्राफ (१५६६), गालिबिये (२६४२) आणि शेवटी आल्प द्युएझ. नोंदणीनंतर मार्ग पुन्हा एकदा तपासून घ्या. २०१५ साली याच मार्गावरच्या शांबों बोगद्याजवळ दरड सरकून रस्ता बंद पडला होता आणि त्या वर्षी राइडचा मार्गच बदलावा लागला होता.

आधी गिअरबद्दल, कारण इथे लोक उगाच प्रौढी मिरवतात. पुढे पेडलपाशी ३४ दातांची चेनरिंग (साखळीची चकती) आणि मागे ३४ दातांचा सर्वांत मोठा गिअर असेल, तर मिनिटाला ७० पेडल मारून ताशी पावणेनऊ किलोमीटर वेग मिळतो. मागे २८च असतील, तर त्याच वेगासाठी पाय जेमतेम ५८ वेळा फिरतात, म्हणजे प्रत्येक पेडलला तितका जास्त जोर. एका घाटात हे चालून जातं. चौथ्या घाटात गुडघे आणि मांड्या त्याचा हिशोब मागतात. कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) बदला, आणि ती निदान महिनाभर आधी बदलून त्यावर सराव करा.

सरावाला मी पाच महिने घेतले. मोठा घाट जवळ नसला तरी बिघडत नाही. लागतं ते न थांबता दीड-दोन तास एकसारखा जोर लावता येणं, आणि ते एकाच चढावर वर-खाली करून किंवा घरात ट्रेनरवरही (सायकल जागच्या जागी चालवायचं उपकरण) जमतं. आठवड्यातून एकदा २०-२० मिनिटांचे तीन टप्पे, धाप लागेल पण तुटक बोलता येईल इतक्या जोराने. शनिवारी लांब राइड, आणि रविवारी दुखऱ्या पायांनी पुन्हा तीन तास. ही रविवारची राइड सगळ्यात कंटाळवाणी, पण गालिबियेवर तीच कामाला आली.

खाण्याचं मात्र मी चुकतमाकत शिकले. सहा आठवडे आधीच्या एका सराव राइडमध्ये भूक लागेल तेव्हा खायचं असं ठरवलं होतं. ११० किलोमीटरवर हातपाय गळाले, डोळ्यांपुढे अंधारी आली, रस्त्याकडेला अर्धा तास बसून राहिले. भूक लागते तेव्हा उशीर झालेला असतो. त्यानंतर मीटरवर दर २० मिनिटांनी वाजणारा गजर लावला आणि तासाला ६० ते ८० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं बघितलं. पोटालाही याची सवय लावावी लागते, त्यामुळे राइडच्या दिवशी जे खाणार तेच सरावात खा. खाणं चढ सुरू होण्याआधी उरका, घाटात धापेमुळे घास गिळवत नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. ग्लांदोंवर सगळे ताजेतवाने असतात आणि घोळका आपल्याला ओढत नेतो. पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने चढा, लोक पुढे जातात त्यांना जाऊ द्या. पलीकडचा उतार वरच्या भागात फार तीव्र आणि अरुंद आहे. अपघात टळावेत म्हणून या उताराचा वेळ धरत नाहीत, तेव्हा घाई करण्यात काहीच अर्थ नाही. ब्रेक सतत धरून ठेवू नका, वळणाआधी नीट दाबा आणि मग सोडून द्या. नव्या ब्रेक पॅडवर खर्च करायचाच, त्यात काटकसर नको.

खाली मोरिएनच्या खोऱ्यात रस्ता किंचित चढता आणि उघडा आहे. इथे एकटं पडलात तर वारा दमवून टाकतो. मी मिनिटभर वेग कमी केला, मागचा गट येऊ दिला आणि त्यांच्या आडोशाने गेले. तेलेग्राफनंतर थोडा उतार, मग व्हालोआर गाव, आणि तिथून गालिबियेचा १२०० मीटर चढ. प्लां लाशाच्या पुलापाशी रस्ता उजवीकडे वळून एकदम उभा होतो. पुढचे आठ किलोमीटर विरळ हवेत आहेत. मीटरवरचे आकडे पडलेले दिसले तरी घाबरू नका, ते सगळ्यांचेच पडतात.

माथ्यावर फोटो काढण्याआधी विंडचीटर घाला. दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात घामाने भिजलेलं अंग. मी पूर्ण बोटांचे हातमोजे घेतले नव्हते. उतारावरच्या लोतारे खिंडीपर्यंत पोचता पोचता बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबतेय की नाही ते बघून खात्री करावी लागत होती. त्याखाली बोगदे आहेत, पुढचा-मागचा दिवा हवाच.

आणि मग आल्प द्युएझ. १३.८ किलोमीटर, सरासरी चढ ८ टक्के. वळणांचे आकडे २१ पासून उलटे उतरत जातात, पहिल्याच पाटीवर १९५२ साली टूर द फ्रान्सचा टप्पा इथे जिंकलेल्या इटालियन सायकलपटू फाउस्तो कोप्पीचं नाव आहे. ला गार्द गावापर्यंतचा भाग सर्वांत कडक, त्यात दुपारचं ऊन. पायथ्याला दोन्ही बाटल्या भरून घ्या, एक प्यायला आणि एक डोक्यावर ओतायला. सोळावं वळण मागे पडलं की चढ जरासा सैल होतो. मी पाटी ते पाटी इतकाच विचार करत गेले आणि कुठेही पाय टेकला नाही.

मुक्काम खाली बूर द्वाझाँमध्ये असेल तर याच रस्त्याने परत उतरायचं असतं, आणि तेव्हाही शेकडो लोक दमून, वेडेवाकडे वळत वर येत असतात. आधी वर बसून पोटभर खा, अंगातला थरकाप थांबू द्या, जॅकेट चढवा आणि मगच सायकलला हात लावा.