गॅरंडच्या पुंगळ्या : डाय पुन्हा बसवताना

ओहायोतील गॅरेजमध्ये गेले तीन शनिवार एम-वन गॅरंड या अर्धस्वयंचलित रायफलीसाठीची .३०-०६ काडतुसाची साइझिंग डाय (झाडलेली रिकामी पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) नव्याने बसवण्यात गेले. लेक सिटी या अमेरिकी दारूगोळा कारखान्याचा शिक्का असलेल्या ६० पुंगळ्या घेतल्या होत्या. सगळ्या माझ्याच रायफलीतून झाडलेल्या आणि चौथ्यांदा भरल्या जाणार होत्या.

बोल्ट-अॅक्शन रायफलीच्या पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) मी एक-दोन थाऊ मागे नेऊन थांबतो. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, टूलरूममध्ये लागलेली जिभेची सवय सुटत नाही.) तिथे बोल्ट हाताने बंद होतो आणि काडतूस अडले तर ते हातालाच कळते. गॅरंडमध्ये बोल्ट स्प्रिंगच्या जोराने पुढे येतो आणि त्याची फायरिंग पिन मोकळी असल्यामुळे ती प्रायमरला (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीला) हलकी टेकते. चेंबरमध्ये भरून न झाडताच काढलेल्या काडतुसावर ती बारीक खूण स्पष्ट दिसते. पुंगळी लांब राहिल्याने बोल्ट पूर्ण लॉक होण्याआधीच अडला आणि त्यातच प्रायमर किंचित वर राहिलेला असला, तर तिथेच बार उडू शकतो. म्हणून या रायफलीसाठी मी खांदा तीन ते चार थाऊ मागे नेतो.

पहिल्या शनिवारी घोळ झाला तो मापात. झाडलेल्या पुंगळीवर कंपॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतचे अंतर मोजायला कॅलिपरला लावायचा जोड) लावून कॅलिपर शून्य केला, डाय शेल होल्डरपासून (प्रेसमध्ये पुंगळीचे बूड धरणाऱ्या भागापासून) थोडी वर ठेवली आणि पुंगळी दाबून पुन्हा मोजली, तर ती दोन थाऊ लांब भरली! कॅलिपरचे जबडे पुसून तीनदा मोजले, तरी आकडा तोच आला. कारण नंतर ध्यानात आले : डायच्या भिंती आधी पुंगळीचे अंग आवळतात, त्या दाबाने पितळ पुढे सरकते आणि खांदाही पुढे जातो, डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडल्यावरच तो मागे येऊ लागतो. अर्धवट साइझ केलेली पुंगळी न केलेल्या पुंगळीपेक्षाही वाईट, ती अशी.

पुढचे काम आट्यांच्या हिशेबाने सोपे झाले. डायला इंचाला १४ आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला साधारण ७१ थाऊ आणि एक-चोविसांश फेऱ्याला तीन. लॉक रिंगवर मार्करने रेघा मारून तेवढेच फिरवत गेलो. तरीही एकाच सेटिंगवर निरनिराळ्या पुंगळ्यांत तीन थाऊंचा फरक येत होता, कारण अनेकदा झाडलेले पितळ कडक होऊन परत उसळते. प्रेसचा दांडा शेवटाला नेऊन मनात चार आकडे मोजेपर्यंत तसाच धरू लागल्यावर हा फरक दीड थाऊवर आला.

वंगण म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळलेले लॅनोलिन फवारतो. ते जास्त झाले की खांद्यावर खळगा पडतो. एका पुंगळीला मात्र ते लागलेच नाही आणि ती डायमध्ये घट्ट रुतून बसली. दांडा ओढताच रिम, म्हणजे बुडाची कड, फाटली. शेवटी तिच्या बुडाला भोक पाडून, आटे कापून, बोल्ट आणि वॉशरच्या आधाराने ती ओढून काढावी लागली. त्यात अख्खी दुपार गेली.

उरलेल्या ५९ पैकी तीन टाकून दिल्या. बुडाच्या जरा वर बाहेरून चकचकीत कडे दिसत होते आणि टोक वाकवलेली पेपरक्लिप आतून फिरवली की नेमक्या त्याच जागी ती घळीत अडकत होती. तिथे भिंत पातळ झालेली असते आणि पुंगळी पुढेमागे तिथूनच तुटते.

बाकीच्यांची लांबी साइझिंगनंतर मोजली, २.४९४ इंचांच्या मर्यादेजवळ आलेल्या कापून २.४८४ वर आणल्या. स्मॉल बेस डाय (पुंगळीचे बुडाजवळचे अंग जास्त आवळणारी) घ्यावी का, हा प्रश्न बरेच दिवस मनात होता. इजेक्टर आणि एक्स्ट्रॅक्टर काढलेला बोल्ट, ऑपरेटिंग रॉडची स्प्रिंग उतरवून, प्रत्येक रिकाम्या पुंगळीवर बोटाने बंद करून पाहिला. ५६ पैकी ५५ वर तो अलगद खाली बसला आणि उरलेल्या एकीच्या रिमवर बारीक कंगोरा निघाला, त्यामुळे ती खरेदी तूर्त रद्द केली आहे.