चुना, सिमेंट आणि कठडा

आज वाईत होतो. ढोल्या गणपतीच्या मागची भिंत पुन्हा निरखून पाहिली. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी देऊळ बांधलं, तेव्हा कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती माशासारखी निमुळती ठेवली. काय विचार केलाय!

परतताना एका गावात जुन्या देवळाचं नूतनीकरण पाहिलं आणि पोटात कालवलं. दगडावर सिमेंटचा गिलावा, वर ऑइलपेंट, खाली चकचकीत टाइल्स. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग क्षार फुलतात आणि सांध्यांतला जुना चुना भुसभुशीत होत जातो. पैसा लोकांनी श्रद्धेनं दिलेला, म्हणून जास्तच वाईट वाटतं.

पण नवं काही नकोच, असं मी म्हणणार नाही. तिथल्याच स्टीलच्या कठड्याला धरून एक आजी पायऱ्या उतरत होत्या. कठडा हवाच, दिवे हवेत, रॅम्पही हवा. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटलंय की अटळ असलेली भर मूळ बांधकामापासून वेगळी ओळखू यावी, तिच्यावर आजच्या काळाची छाप असावी. मला हे मनापासून पटतं. जुन्याची नकली नक्षी नको. आणि उद्या कठडा काढायचा झाला, तर दगड शाबूत राहिला पाहिजे.

सभामंडपाचं काम अजून बाकी आहे, गावकरी ऐकून घ्यायला तयार आहेत. चुना दळायची घाणी माहीत असलेले, चुन्यानं दरजा म्हणजे दगडांमधल्या फटी भरणारे गवंडी सातारा भागात कुणाच्या ओळखीचे असतील तर मला मेसेज करा.