पत्रिकेवरची नावं

नाताळच्या पत्रिकेत कोणाचं नाव आधी छापायचं, यावरून आमच्या चर्चच्या मंडळीत यंदाही कुरबूर झाली. मला याचं फार वाईट वाटतं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, २३व्या अध्यायात येशू नेमकं हेच सांगतो: पंगतीत मानाची जागा, सभास्थानात पुढचं आसन, बाजारात लोकांचे नमस्कार, हे ज्यांना आवडतं, त्यांच्यासारखे होऊ नका, तुम्ही सगळे भाऊ भाऊ आहात.

आणि त्याने ते करूनही दाखवलं. जेवता जेवता उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी घेतलं आणि शिष्यांचे धुळीने माखलेले पाय धुऊन पुसले. थोड्या वेळाने त्याला धरून देणारा यहूदाही त्यांत होता! त्याचे पाय त्याने वगळले नाहीत. मी इथे दर वेळी अडखळते.

आपल्याकडे ना. वा. टिळकांचं उदाहरण आहेच. रेव्हरंड झालेला, कवी म्हणून गाजलेला माणूस. पण १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती.

पाळकांना मान द्यावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रभुभोजनानंतर, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीनंतर, ते छोटे पेले एकेक करून धुणाऱ्या, पुसून खोक्यात लावणाऱ्या मावशींचं नाव कुठल्याच पत्रिकेत नसतं. ईस्टरची पत्रिका नावांशिवाय छापा, असं मी पंचांना लेखी कळवलं आहे.