विहिरीतलं झाड
आज रत्नागिरीजवळच्या एका वाडीत विहीर खणताना जांभ्याच्या तांबड्या दगडाखालून काळी चिकणमाती निघाली. तिच्यात कोळसा होत आलेलं लाकूड. शाळेतल्या पोरांना घेऊन लगेच गेले. एकीने तुकडा ओंजळीत धरून विचारलं, "बाई, हे झाड कधीचं?" मायोसीन काळातलं, म्हणजे निदान ५० लाख वर्षांपूर्वीचं. वरचा जांभा घडायच्याही आधीचं! पोरं गप्पच झाली.

ती माती भरावात जाणार होती, दोन गोण्या मागून आणल्यात.

केरळात अंगाडीपुरमला फ्रान्सिस बुकानन या ब्रिटिश सर्वेक्षकाने १८०७ साली जांभ्याला लॅटेराइट नाव दिलं, तिथे आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. आपली कातळशिल्पं बघायला येणारी माणसंही जांभ्यावरूनच चालतात. त्यांना पायाखालचे थर दाखवणारी एखादी जागा हवीच. उद्या सरपंचांना भेटतेय, गोण्या घेऊनच.